ज्या कथेत काही घडत नाही

साहित्याविषयी बोलण्याचा अधिकार लेखकाला असतो, टीकाकाराला असतो आणि प्राध्यापकाला तर तो पगारासह मिळालेला असतो. वाचकाला तो कुणी देत नाही. त्याला तो स्वतःच घ्यावा लागतो. आज मी तो घेत आहे. माझे उभे आयुष्य हैदराबादच्या अंबरपेठ या वस्तीत गेले. एका बाजूला उस्मानिया विद्यापीठाचा परिसर, दुसऱ्या बाजूला मुसी नदी आणि हाकेच्या अंतरावर काचीगुडा स्थानक, अशी ही वस्ती. येथे बसून गेली साठ वर्षे मी मराठी कथा-कादंबऱ्या वाचीत आलो आहे. गोष्टीची एक ओळही मी कधी लिहिली नाही. परंतु इतक्या वर्षांच्या वाचनानंतर माणसाजवळ काही मते साचतातच. ती सर्वांना पटावीत असा माझा आग्रह नाही. ती एकदा स्वच्छपणे मांडावीत, एवढीच इच्छा आहे.

ही इच्छा होण्यास एक लहानसे निमित्त घडले. परवा एका संध्याकाळी मी माझ्या नातीला जी. ए. कुलकर्णी यांची ‘कैरी’ ही कथा वाचून दाखवीत होतो. ती मराठी बोलते. शाळेत हिंदी शिकल्यामुळे देवनागरी अक्षरेही तिला ओळखता येतात. परंतु मराठीचे पान समोर आले की तिचा वेग मंदावतो आणि मग कंटाळा येतो. म्हणून मीच वाचतो आणि ती ऐकते. आईवेगळे मूल मावशीच्या घरी येते, मावशी जीव लावते आणि त्या घरातील दुःख मुलाला हळूहळू उमगत जाते, अशी ती कथा. निम्म्यावर आलो असताना नातीने विचारले, “आबा, छान आहे, पण यात घडतं काय?”

प्रश्न साधा होता. मला मात्र त्याचे उत्तर एका वाक्यात देता आले नाही. विचार करता करता माझ्या ध्यानात आले की, विसाव्या शतकातील मराठी कथेचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवतीच फिरतो आहे. तेव्हा नातीला त्या दिवशी जे सांगता आले नाही, ते आज तुमच्यासमोर सांगण्याचा प्रयत्न करतो.

शतकाच्या आरंभी हा प्रश्न कुणाला विचारावाच लागत नसे. गोष्टीत काहीतरी घडे, म्हणूनच ती गोष्ट. हरिभाऊ आपटे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ‘स्फुट गोष्टी’ लिहिल्या आणि घरगुती जीवनातले साधे प्रसंगही गोष्टीचा विषय होऊ शकतात, हे दाखवून दिले. त्यानंतर काशीनाथ रघुनाथ मित्र यांचे ‘मनोरंजन’ मासिक घराघरांत गेले. मराठीतील दिवाळी अंकांची परंपरा याच मासिकाने १९०९ मध्ये सुरू केली. ‘मनोरंजना’त वि. सी. गुर्जर यांच्या ‘संपूर्ण गोष्टी’ लोक चवीने वाचीत. गैरसमज, योगायोग, चुकीच्या हाती पडलेले पत्र आणि शेवटी सुटणारा गुंता, असा तो मामला असे. या गोष्टींना मी कमी लेखीत नाही. दिवसभर कचेरीत राबून आलेल्या माणसाला कंदिलाच्या उजेडात अर्धा तास सुखाचा देणे ही काही लहान सेवा नव्हे. परंतु अशा गोष्टीची एक अडचण आहे. तिचा सारांश सांगितला की ती संपते. शेवट ठाऊक असलेली गुर्जरांची गोष्ट पुन्हा वाचावी, असे क्वचितच वाटते.

या परिस्थितीत १९२२ मध्ये त्याच ‘मनोरंजना’त ‘अंगणातला पोपट’ ही कथा प्रसिद्ध झाली. तिचे लेखक दिवाकर कृष्ण केळकर त्या वेळी अवघ्या विशीत होते. लेखनासाठी त्यांनी आडनाव गाळले आणि ते ‘दिवाकर कृष्ण’ या नावाने ओळखले जाऊ लागले. नाट्यछटा लिहिणारे ‘दिवाकर’ ते हे नव्हेत. त्यांचे नाव शंकर काशीनाथ गर्गे. या नामसादृश्याने पुष्कळ वाचकांचा घोटाळा होतो आणि दोन्ही लेखकांवर अन्याय होतो. १९२७ मध्ये ‘समाधी व इतर सहा गोष्टी’ हा दिवाकर कृष्णांचा पहिला संग्रह निघाला. म्हणजे अवघ्या सात कथा. परंतु या सात कथांनी गोष्टीचा रोखच बदलला. त्यांच्या कथेत प्रसंग असतो, पण तो खुंटीसारखा. खुंटीला टांगलेली वस्तू मोलाची. ती वस्तू म्हणजे माणसाचे मन. विशेषतः तरुण, हळवे, बोलून न दाखवणारे मन. एखादी व्यथा मनात कशी उमटते, कशी वाढते आणि माणसाला कशी पोखरते, हे ते सावकाश, काव्यमय भाषेत सांगतात. वाचून झाल्यावर ‘काय घडले’ हे आठवत नाही. ‘कसे वाटले’ हे आठवत राहते. रशियन लेखक चेखॉव १९०४ मध्ये निवर्तला, त्याआधीच त्याने आपल्या भाषेत हे वळण घडवून आणले होते. आयर्लंडच्या जेम्स जॉइसचा ‘डब्लिनर्स’ हा संग्रह १९१४ मध्ये आला होता. मराठी कथा या बाबतीत जगाच्या फार मागे नव्हती, असे म्हणण्यास काही प्रत्यवाय नाही.

आता आम्हां हैदराबादकरांच्या जिव्हाळ्याची गोष्ट. हे दिवाकर कृष्ण पुण्या-मुंबईला स्थायिक झाले नाहीत. त्यांनी वकिली केली ती हैदराबादेत. मराठी लघुकथेला अंतर्मुख करणारा हा लेखक १९७३ मध्ये वारला. म्हणजे माझ्या तरुणपणी तो हयात होता. ज्या गावात मी ‘चांगले मराठी साहित्य येथे कोठून मिळणार’ म्हणून कुरकुरत होतो, त्या गावच्याच माणसाने त्या साहित्याचे एक दालन उघडले होते. मला त्याचा पत्ता नव्हता. हे अज्ञान कुणावर ढकलता येण्यासारखे नाही. ते माझेच होते.

तरीही वाचकाने भक्त होऊ नये. दिवाकर कृष्णांच्या कथांतील उणिवा मला दिसतात. त्यांची भाषा काही ठिकाणी इतकी मऊ होते की तिला स्पर्श करताच ती विरघळेल असे वाटते. दुःख हेच जणू मनाचे एकमेव वैभव, असा त्यांचा समज दिसतो. त्यांची पात्रे बहुधा सुशिक्षित, पांढरपेशी. त्यांनी लिहिलेही थोडे: ‘रूपगर्विता’चा संग्रह १९४१ मध्ये आला आणि ‘महाराणी’चा १९५५ मध्ये. पण वाट काढणाऱ्याने ती फरसबंद करून द्यावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे. मराठी कथेचे आधुनिकपण १९४५ नंतर सुरू झाले असे पुष्कळदा सहजपणे लिहिले जाते, ते मला मान्य नाही. त्याची सुरुवात त्यापूर्वी दोन तपे झाली होती.

मग मधल्या काळात काय झाले? मधल्या काळात तंत्र आले. ना. सी. फडके यांचे ‘प्रतिभासाधन’ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि कथा-कादंबरी ही शिकता येण्याजोगी कारागिरी आहे, ही कल्पना रूढ झाली. आरंभ आकर्षक हवा, मध्ये गुंतागुंत हवी, शेवट झटका देणारा हवा. याच १९३१ मध्ये आमच्या हैदराबादेत मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याचे अध्यक्ष होते ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. हा योगायोग मला फार बोलका वाटतो. केतकरांनीही कादंबऱ्या लिहिल्या; त्यांची ‘ब्राह्मणकन्या’ १९३० ची. बांधणीच्या दृष्टीने ती ओबडधोबड आहे. पात्रे मध्येच थांबून चर्चा करतात. पण समाज कसा घडतो आणि माणसाला कसा चेपतो, हा प्रश्न त्या ओबडधोबडपणातून आजही टोचतो. फडक्यांच्या कादंबऱ्या मी कॉलेजात असताना एका बैठकीत संपवीत असे. आज त्यांतील नायक-नायिकांची नावे एकमेकांत मिसळली आहेत. गुळगुळीतपणा आणि सुबकपणा हे दोन वेगळे गुण आहेत, आणि पहिला हा बऱ्याचदा गुणही नसतो, एवढे मत मी या अनुभवावरून बनवले आहे.

तंत्राची चलती असतानाच परभणीत निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात एक कारकून लिहीत होते. भगवान रघुनाथ कुलकर्णी हे त्यांचे नाव. वाचकांना ते बी. रघुनाथ या नावाने ठाऊक आहेत. १९१३ मध्ये जन्मलेले आणि विद्यार्थिदशा हैदराबादेत काढलेले बी. रघुनाथ १९५३ मध्ये, वयाच्या चाळिशीत गेले. तेवढ्यात त्यांनी कविता लिहिल्या, ‘साकी’, ‘फकिराची कांबळी’, ‘छागल’ असे कथासंग्रह दिले आणि ‘जगाला कळले पाहिजे’, ‘आडगावचे चौधरी’ अशा कादंबऱ्या लिहिल्या. माझे वडील परभणीकडचे. त्यामुळे बी. रघुनाथांच्या पानांतील माणसे मला आप्तांसारखी वाटतात, हे मी कबूल करतो आणि माझ्या मतातून तेवढा पक्षपात वजा करण्यास श्रोत्यांना मोकळीक देतो. परंतु वजाबाकी केल्यावरही पुष्कळ उरते. निजामी राज्यातील कचेरी, वाडे, कर्जात बुडणारे जमीनदार, उर्दूचा दरबारी रुबाब आणि त्याखाली दबून बोलणारी मराठी, हे सारे पुण्यातल्या लेखकाला दिसणे शक्यच नव्हते. दिवाकर कृष्णांनी मन दाखवले, बी. रघुनाथांनी ते मन कोणत्या जमिनीत उगवते ती जमीनही दाखवली.

१९४५ च्या सुमारास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर हे चौघे पुढे आले आणि ‘नवकथा’ हा शब्द रूढ झाला. गाडगीळांनी मनाच्या कोपऱ्यांत दडलेले क्षुद्र, विसंगत विचारही निःसंकोचपणे उजेडात आणले. माडगूळकरांनी ‘माणदेशी माणसे’ या १९४९ च्या पुस्तकात दुष्काळी मुलखातील माणसे अशा काटकसरीने उभी केली की, एक शब्द काढला तर चित्र ढासळेल. या सर्वांना ‘सत्यकथा’ मासिकाचा आधार होता. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक लेखकाशी पत्राने वाद घालीत आणि कथा पुन्हा लिहवून घेत. हे मासिक १९८२ मध्ये बंद पडले. माझ्या वडिलांनी त्याचे अंक दोन लोखंडी पेट्यांत जपून ठेवले होते. पुढे घराची दुरुस्ती निघाली तेव्हा जागा हवी म्हणून मी ते रद्दीत घातले. वडील काही बोलले नाहीत. त्या न बोलण्यावर एखादी चांगली नवकथा होऊ शकली असती. ती लिहिणारा माणूस मात्र मी नव्हतो.

नवकथेविषयी एक तक्रारही नोंदवतो. मोठ्यांचे अनुकरण लहान करू लागले की गुणाचा रोग होतो. साठीनंतरच्या कित्येक कथांत मनाच्या नावाखाली धुके पसरले. कुणीतरी खिडकीशी बसले आहे, बाहेर पाऊस आहे, आणि वाक्ये अर्धवट सोडली आहेत. एवढ्याने कथा होत नाही. काही न घडणे आणि सांगण्यासारखे काही नसणे, यांत फार मोठे अंतर आहे.

हे धुके ज्यांनी फाडले त्यांत बाबुराव बागूल यांचे नाव मी आधी घेईन. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा संग्रह १९६३ चा. रेल्वेत नोकरी लागलेला तरुण परक्या गावी खोली मिळावी म्हणून जात लपवतो. ती उघडकीस येताच त्याला मार खावा लागतो. येथे घटना आहे, आणि ती अंगावर येणारी आहे. पण कथा त्या मारहाणीत नाही. ती आहे त्यापूर्वीच्या दिवसांत, क्षणोक्षणी स्वतःला सांभाळून बोलणाऱ्या, प्रेमाने दिलेला घासही भीतीने गिळणाऱ्या मनात. हे वाचले तेव्हा मला प्रथमच कळले की, तोवर मी ‘मानवी मन’ म्हणून जे वाचीत आलो होतो ते बव्हंशी माझ्याच आळीतील मन होते. कथेत मन असले पाहिजे हे दिवाकर कृष्णांनी शिकवले. कोणाचे मन, हा प्रश्न बागुलांनी विचारला. माझ्या दृष्टीने विसाव्या शतकातील मराठी कथेची दोन मोठी वळणे हीच.

कादंबरीचा प्रवासही थोड्याफार फरकाने असाच झाला. विश्राम बेडेकरांच्या १९३९ मधील ‘रणांगण’मध्ये युरोपातून परतणारी एक बोट आहे, त्या बोटीवर जे घडते त्यापेक्षा जे घडू शकत नाही तेच वाचकाला छळते. भालचंद्र नेमाडे यांची १९६३ मधील ‘कोसला’ तर कथानकाचा सांगाडाच मोडते आणि खेड्यातून पुण्यात शिकायला आलेल्या मुलाच्या बोलण्यावर उभी राहते. तरीही माझे मन कथेकडेच अधिक ओढते. कादंबरी वाचकाला घरात ठेवून घेते. कथा दारातूनच परत पाठवते आणि आत काय होते याचा विचार करायला लावते.

आता पुन्हा अंबरपेठेकडे येतो. ज्या तेलुगू भाषेत आमचा सारा बाजार चालतो, तिची आधुनिक कथा गुरजाड अप्पाराव यांच्या १९१० मधील ‘दिद्दुबाटु’पासून मानली जाते. पालगुम्मी पद्मराजु यांच्या ‘गालिवान’ या तेलुगू कथेला तर १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने घेतलेल्या जागतिक कथास्पर्धेत दुसरे पारितोषिक मिळाले. उर्दूत जीलानी बानो यांनी याच शहरातील हवेल्यांची उतरती कळा लिहिली. म्हणजे आम्ही काही साहित्याच्या वाळवंटात राहत नाही. शेजारच्या दोन घरांत दिवे लागलेले आहेत. आपल्या घरचा दिवा मात्र आपणच लावायचा असतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला; माझे काका-मामा एका राज्यात आणि आम्ही दुसऱ्या, असे झाले. वडील नोकरीमुळे येथेच राहिले. तेव्हापासून आमचे जीवन भाषांच्या कप्प्यांत विभागले गेले. भाजी तेलुगूत घ्यायची, रिक्षावाल्याशी दखनीत बोलायचे, अर्ज इंग्रजीत लिहायचा. मराठीला काय उरले? स्वयंपाकघर, देवघर, आजारपण, रुसवा आणि कुणी गेल्यावरचे रडणे. वरवर पाहता हा वाटा लहान दिसतो. पण विचार केला म्हणजे ध्यानात येते की, ज्याला आपण मन म्हणतो ते सारे याच कप्प्यात आहे. आमच्या आयुष्यात घडते ते परभाषेत. वाटते ते मराठीत.

म्हणून, ज्या कथेत फारसे काही घडत नाही, ती आमच्यासारख्यांना सर्वांत जवळची आहे. घटना कोणत्याही भाषेत सांगता येते. चोरी झाली, लग्न मोडले, गाडी चुकली, यांसाठी मराठी असण्याची गरज नाही. परंतु ‘कैरी’तील मावशी त्या पोरक्या मुलाशी ज्या शब्दांत बोलते, त्या शब्दांतच तिची माया आहे, ते शब्द काढून घेतले तर उरेल तो केवळ सारांश. माझी नात उद्या ही कथा इंग्रजीत वाचील, तिला ती समजेलही. पण तिच्या पणजीने तिला जवळ घेऊन जे शब्द म्हटले होते, तेच शब्द छापील पानावर भेटण्याचा जो चटका आहे, तो तिला मिळणार नाही. हा तोटा सोसण्याची माझी तयारी नाही. वाङ्मयाचे भवितव्य काय, या चर्चेत मला फारसे गम्य नाही. माझी चिंता एवढ्यापुरती आहे.

याला उपाय म्हणून मी मोठी योजना सुचवणार नाही. परप्रांतातील मराठी घरांत मुलांना वाचता येत नसेल, तर त्यांना वाचून दाखवावे. कथा ही अर्ध्या तासाची वस्तू आहे. जेवण झाल्यावर ती सहज मावते. आधी माडगूळकर घ्यावेत, कारण त्यांचे वाक्य लहान असते. मग जी. ए., मग बागूल. दिवाकर कृष्ण मिळाले तर तेही. त्यांची भाषा जुनी वाटेल, पण मोठ्याने वाचली की तिच्यातील लय कानाला लागते. मुलांनी अर्थ विचारला तर सांगावा. न विचारला तर थांबू नये. आणि ‘यात घडतं काय’ असे त्यांनी विचारले, तर रागावू नये. तो अडाणी प्रश्न नव्हे. चांगल्या वाचकाचा तो पहिला प्रश्न आहे.

‘कैरी’ आमची त्या संध्याकाळी पुरी झाली नाही. उरलेली दुसऱ्या दिवशी वाचली. संपल्यावर नातीने काही विचारले नाही. थोडा वेळ ती तशीच बसून राहिली आणि मग उठून आत आजीजवळ गेली. काय घडले, असे मीही तिला विचारले नाही.